झाकण न उघडता

मृत्यूच्या दारात जात नसते, पात नसते, तिथं माणूस फक्त माणूस असतो. आनंदा, हे वाक्य माझं नाही. परवा तुझ्या शोकसभेत डॉक्टरसाहेब अध्यक्षपदावरून असं म्हणाले. आवाज छान लागला होता. दूध संघाचे संचालक माना हलवत होते आणि मी खुर्च्या बघत होतो. व्यासपीठावर गादीच्या, पुढच्या रांगांत हातवाल्या प्लास्टिकच्या, मागं लोखंडी घडीच्या. वहिनी आणि तुझा धाकटा भाऊ मारुती जरा उशिरा आले आणि सवयीनं लोखंडी खुर्च्यांवर टेकले. सूत्रसंचालकानं माइकवरून पुढं या म्हटलं, तेव्हा वहिनींनी पदर सारखा केला आणि तिथंच बसून राहिल्या.

मृत्यूच्या दारात काय असतं हे डॉक्टरांना कुठून कळलं, कोण जाणे. त्या दारापर्यंत आपण दोघं गेलो होतो, एकाच रोगानं, त्यांच्याच दवाखान्यातून. मी परत आलो, तू आला नाहीस. दारात जात नसेलही. माझा संशय वाटेवर आहे.

पेपरात तुझ्याविषयी चार ओळी आल्यात. मनमिळाऊ, कर्तव्यदक्ष, हसतमुख. तू मनमिळाऊ नव्हतास. संघाच्या धक्क्यावर गावोगावचे दुधाचे कॅन उतरायचे, त्यांची झाकणं उघडून वास घ्यायचं काम तुझं, आणि त्या कामाला मनमिळाऊ माणूस चालत नाही. आंबूस वास आला की कॅन बाजूला, मग तो कागलकडचा असो नाहीतर संघाच्या अध्यक्षांच्या गावचा. बाजूला काढलेल्या कॅनचा नमुना माझ्याकडं प्रयोगशाळेत यायचा. पुष्कळदा तुझं बरोबर निघायचं, कधी चुकायचं. चुकलं की तू दिवसभर माझ्याशी बोलायचा नाहीस, जणू दूध मीच नासवलंय.

तू नोकरीला लागलास तेव्हा एका गावच्या सोसायटीच्या चेअरमननं तक्रार केली होती, की आमच्या दुधावर हा माणूस वाकतो. का वाकू नये, ते त्यानं सांगितलं नव्हतं. सांगायची गरजही नव्हती. दुसऱ्या दिवसापासून तू त्याच गावचे कॅन सगळ्यांत आधी घ्यायला लागलास, आणि नेहमीपेक्षा जरा जास्त वाकून. दूध चांगलं निघालं की आख्ख्या धक्क्याला ऐकू जाईल असं 'पास' म्हणायचास. तो चेअरमन पुढं निवडणुकीत पडला. त्यात आपला हात नाही, असं तू म्हणायचास. मी ते कधीच पुरतं मानलं नाही.

रविवारी मी तुझ्याकडं जेवायला असायचो. लिंगायताच्या घरात जन्मलेला माणूस मटण खायला कुठं जातो, हे आमच्या घरी सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. बायको एवढंच म्हणायची, की आनंदा भावोजींकडची भजनं फार लांबतात आणि भजनाला गेलेल्या माणसाच्या सदऱ्यावर तांबडे डाग पडतात. तांबडा रस्सा तू करायचास, पांढरा वहिनी. आणि तू स्वतः खात नव्हतास. मीठमसाला सगळा वासावर. आम्ही ओरपत असताना तू दही-भाकरी घेऊन समोर बसायचास. कॉलेजच्या वसतिगृहात असताना मटण सोडलंस ते कायमचं. मी कारण विचारलं तेव्हा म्हणालास, "आम्ही काय खातो ते आख्ख्या गावाला ठावं असतंय. म्हटलं, बघू चुकवून." एवढ्यासाठी माणूस जन्माची चव सोडतो यावर माझा विश्वास बसला नव्हता. पण तुझा हट्ट मी बघितलेला आहे, म्हणून तिथं शंकेला जागा कमी ठेवतो.

पहिलं रक्त मला पडलं. आपल्या गावात शौचाला रक्त पडलं की रोगाचं नाव आधीच ठरलेलं असतं, मूळव्याध. कारणही ठरलेलं असतं, रस्सा. लोक त्यात थोडा अभिमानही धरतात. मीही महिनाभर धरला. मग बायको मला ओढत डॉक्टरांकडं घेऊन गेली. त्यांनी चिठ्ठीवरचं आडनाव वाचलं, माझ्या कपाळावरच्या विभूतीकडं बघितलं आणि बायकोला म्हणाले, "हे मटण खात नाहीत, दारू घेत नाहीत. मग रक्त कशाचं?" बायको माझ्याकडं न बघता भिंतीकडं बघत होती. अशा वेळी कुठलाही नवरा जे करेल ते मी केलं, गप्प बसलो. डॉक्टर म्हणाले, बघायला पाहिजे. हातमोजा चढवला, मला कुशीवर वळवलं आणि बोट घालून तपासलं. बोटाला गाठ लागली. पुढच्या आठवड्यात मी मिरजेला होतो, आणि मोठ्या आतड्याचा शेवटचा तुकडा माझ्याजवळ राहिला नव्हता.

तू रोज ड्यूटी संपवून एसटीनं मिरजेला यायचास. हॉस्पिटलबाहेरच्या चहावाल्याच्या पातेल्यावर वाकून तू वास घेतलास आणि रांगेतल्या लोकांना गंभीरपणे सांगितलंस, की आज घेऊ नका. चहावाल्यानं तुझ्या अंगावर गाळणं फेकलं. ते ओलं गाळणं खिशात घालून तू वॉर्डात आलास आणि मला पुरावा म्हणून दाखवलंस. टाक्यांमुळं मला हसता येत नव्हतं, हे तुला माहीत होतं म्हणूनच तू हसवत होतास. तेव्हा मी शिव्या दिल्या. आभार मानायचे राहिले होते, ते आज मानतो.

बरा होऊन आलो आणि कँटीनमध्ये सगळी गोष्ट बोटासकट सांगितली. लोक पोट धरून हसले. पुढं पुष्कळ महिन्यांनी तुला रक्त पडायला लागलं. मी म्हणालो, त्याच डॉक्टरांकडं जा. तू म्हणालास, "ज्यानं तुझं शोधलं, तो माझं सोडतोय व्हय?" सगळी तयारी करून गेलास. अंघोळ, धुतलेली पँट, नवी चड्डी. दुपारी धक्क्यावर परत आलास ते हातात मलम आणि इसबगोलाचा डबा घेऊन.

"आप्पा, नवी चड्डी वाया गेली की रं," म्हणालास.

डॉक्टरांनी तुझी चिठ्ठी वाचली होती आणि हसून म्हटलं होतं, रस्सा जोरात दिसतोय. मी मटण खात नाही, असं तू सांगितलंस. ते म्हणाले, माझ्यासमोर बसणारे सगळे असंच म्हणतात. तू म्हणालास, वीस-पंचवीस वर्षं झाली सोडून. ते म्हणाले, बरं बरं, मग थोडं आणखी सोडा. पलंगावर झोप असंही तुला कुणी म्हटलं नाही. तुझ्यामागं बसलेली माणसंही हसली, आणि त्यांच्याबरोबर तूही. चांगला विनोद असला की तुला राहवायचं नाही, मग तो तुझ्यावर का असेना.

आणि आपण दोघांनी ही बातमी चांगली मानली. तपासलं नाही, म्हणजे तपासण्यासारखं काही नव्हतं. माझं गंभीर होतं, तुझं साधं आहे. तरी मी म्हणालो, परत जा, एकदा बघा म्हणावं. त्यावर तू म्हणालास, "तुला संशयाचा रोग हाय. त्याच्यावर आपरेशन न्हाय." हे खरंच होतं. मी सत्यनारायणाच्या प्रसादापासून विधानसभेच्या निकालापर्यंत सगळ्यावर संशय घेतलेला माणूस. घ्यायलाच हवा असा संशय आला तेव्हा तो माझ्या बाकीच्या संशयांसारखाच दिसत होता.

मलम संपलं, दुसरं आलं. तुझ्या पट्ट्याला नवं भोक पडलं, मग त्याच्या आत आणखी एक. वहिनींना वाटलं दही-भाकरीनं वाळलास, म्हणून त्यांनी तूप वाढवलं. शेवटी पोट फुगलं आणि मारुतीनं तुला मिरजेला नेलं. तिथं एका तरुण डॉक्टरनं पहिल्याच भेटीत तुला कुशीवर वळवलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. त्याच्या बोटाला जे लागलं ते यकृतापर्यंत आधीच पोचलेलं होतं. मी आलो तेव्हा तू छताकडं बघत होतास. मला म्हणालास, "माझं झाकणच उघडलं न्हाय त्येनं. कॅनवरचं गावाचं नाव वाचलं आन् पुढं ढकलला."

मी वॉर्डात हिंडून माणसांना नावं विचारत बसलो. नावं म्हणजे काय ते तुला माहीत आहे. मला असं वाटायला लागलं की उशिरा आलेल्यांची आडनावं एका बाजूची आहेत आणि वेळेत आलेल्यांची दुसऱ्या. मग मलाच माझा संशय आला. माणसाला जे शोधायचं असतं ते त्याला पलंगापलंगावर दिसतं. म्हणून त्या तरुण डॉक्टरला विचारलं, की असं कुणी मोजून बघतं का. तो चांगला मुलगा होता. म्हणाला, "केसपेपरवर आम्ही जात लिहीतच नाही, काका. आम्हाला सगळे पेशंट सारखे." मी म्हणालो, छान. म्हणजे फरक पडत असला तरी तो कुणाला दिसायची सोय नाही. तो जरा विचारात पडल्यासारखा दिसला, पण तेवढ्यात त्याला कुणीतरी बोलावलं.

तोच डॉक्टर जाताना आणखी एक सांगून गेला, की रक्ताच्या नात्यातल्यांना तपासून घ्या. तेव्हापासून तुझ्या डोक्यात मारुती बसला. तुझं काय व्हायचं ते तुला कळलं होतं. त्याबद्दल तू फारसं बोलत नव्हतास. मारुतीचं बोलत होतास, आणि त्यासाठीच तुला आपल्या डॉक्टरांना भेटायचं होतं.

आपण रिक्षानं गेलो. त्यांनी चहा मागवला. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं, यावर मी संशय घेत नाही. तू सरळ विचारलंस, ह्याचं तुम्ही बघितलं, माझं का नाही बघितलं? ते म्हणाले, "तुमच्याकडच्या लोकांना असल्या तपासणीत कमीपणा वाटतो, आनंदराव. मी तुमचा मान राखला."

तू बशीतला चहा संपवलास. मग म्हणालास, "डॉक्टर, जन्मात लई जणांनी मला हात लावला न्हाय. मान राखायचा म्हणून लावला न्हाय, असं सांगणारं तुम्ही पयलंच."

डॉक्टर माझ्याकडं वळले. मी साक्षीदार असल्यासारखं समजावत म्हणाले, की तुमच्या खाण्यात काही सापडेना, म्हणून शंका आली. मी कॅलेंडर बघायला लागलो. आणि तू हसायला लागलास. त्या दिवशी तुला हसणंही सोसत नव्हतं, पोट धरून हसलास. "ह्यो? ह्यो दर रविवारी माझ्या घरात बसून वाट्यावर वाट्या रस्सा वरपतोय, डॉक्टर. मी करून घालतोय."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "मला हे माहीत असतं, तर..." ते वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. मी मनात पुरं केलं. तर मलाही मलमच मिळालं असतं. मला वाचवलं ते बोटानं, आणि बोट घातलं गेलं ते एका आडनावाबद्दलच्या समजुतीमुळं, आणि ती समजूत माझ्यापुरती खोटी होती. तुझ्याबद्दलची समजूतही खोटीच होती. दोन्ही चुका एकाच माणसानं, एकाच टेबलावर, चिठ्ठी वाचूनच केल्या. फक्त एक माझ्या बाजूनं पडली.

निघताना तू एवढंच मागितलंस, की इथून पुढं येईल त्याचं नाव वाचायच्या आधी त्याला तपासा, आणि माझ्या मारुतीला पाठवतो, त्याच्यापासून सुरुवात करा. डॉक्टर म्हणाले, शब्द देतो. त्यांनी तुझ्या खांद्यावर हात ठेवला. तो त्यांनी तुला लावलेला पहिला हात.

कोपऱ्यावरच्या टपरीवर आपलं भांडण झालं, ते अजून मिटलेलं नाही. मी पेटलो होतो. तक्रार करू, पेपरात लिहू, असं बोलत होतो. आणि तू, जन्मभर मला संशयी म्हणणारा, आता माझ्यापेक्षा संशयी झालास, आणि संशय घेतलास तो माझ्या पुराव्यावर. एका कॅनवरनं आख्ख्या गावाचं दूध नापास करतोस का, असं विचारलंस. घाईत असेल, गर्दी असेल, मदतनीस आला नसेल. मी म्हणालो, आत तर तू वेगळं बोललास. तू म्हणालास, आत मी बोललो, लिहून घे म्हटलं नाही. मग म्हणालास, "आप्पा, लोकांनी जन्मभर माझ्यावर संशय घेतला. भाड्यानं खोली देताना घेतला, दुकानात घेतला, बँकेत घेतला. जिथं घ्यायचा हुता, तिथंच घेतला न्हाय."

ते वाक्य तुझ्या बाजूचं की डॉक्टरांच्या, हे मला आजही ठरवता आलेलं नाही. तुला ठरलेलं होतं की नाही, तेवढं विचारायचं राहिलं.

मारुतीवरनं आपलं दुसरं भांडण. मी म्हणत होतो त्याला सरळ मिरजेला नेऊ. तू म्हणत होतास, डॉक्टरांनी शब्द दिलाय, त्यांच्याकडंच जाऊ दे, नाहीतर त्यांना सुधारायची संधी कधी मिळणार. मी म्हणालो, डॉक्टरांना सुधारायला मारुतीचं आतडं कशाला? तू चिडलास. दोन दिवस बोलला नाहीस, धक्क्यावर नमुना चुकला की बोलायचा नाहीस तसा. मारुतीची तपासणी ऊस तोडणीला आला म्हणून राहिली, मग तुझं आजारपण वाढलं म्हणून राहिली. मग तू गेलास.

जायच्या आधी मला बजावलं होतंस, शोकसभेत माझी जात काढू नकोस. डॉक्टर माणूस चांगला आहे, म्हणालास, आणि तू बोलायला लागलास की लोकांना तू दिसतोस, मी नाही. हे दुसरं कारण मला लागलं. म्हणून परवा माझं नाव पुकारलं तेव्हा मी उठलो, चेअरमनच्या गावच्या दुधाची गोष्ट सांगितली, लोक हसले, आणि मी बसलो. एवढंच केलं. छापायचं नाही असं तू म्हटलं नव्हतंस. तरी जात इथंही लिहिलेली नाही. वाचणाऱ्यांनी एव्हाना ओळखलीच असेल. डॉक्टरांनाही वेळ लागला नव्हता.

मी बसल्यावर डॉक्टर बोलले. दारात जात नसते, ते तिथंच. पुढं म्हणाले, आनंदरावांनी माझे डोळे उघडले. हा रोग वेळेत सापडला असता तर ते आज आपल्यात असते, म्हणून त्यांच्या स्मरणार्थ आपण संघाच्या आवारात सगळ्यांसाठी मोफत आरोग्य तपासणी शिबिर घेऊ. टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या वाजवत नाहीत हे कुणाच्या तरी लक्षात आलं आणि त्या मधेच थांबल्या. आनंदा, त्या क्षणी मला तुझं पटलं होतं. खरंच वाटलं की माणसाला संधी दिली पाहिजे, आणि मी जन्मभर उगाच नाक मुरडत बसलो.

सभा संपल्यावर मारुती डॉक्टरांपाशी गेला. तू सांगितलं होतंस तसंच म्हणाला, दादानं पाठवलंय, मला तपासा. डॉक्टरांनी सगळ्यांसमोर त्याला मिठी मारली. फोटो निघाला. म्हणाले, "रविवारी शिबिराला ये, तिथं तुझ्यापासूनच सुरुवात करू." वहिनींनी पदरानं डोळे पुसले. मारुती मला म्हणाला, बघा, दादाचं खरं झालं की.

सोमवारी सकाळी मिरजेला जायला तयार राहा, एवढंच मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, तपासल्यावर पुन्हा कशाला? मी म्हणालो, सोबत म्हणून चल, मला दाखवायचंय.

शिबिराचा फलक काल संघाच्या गेटवर लागला. वर तुझा फोटो आहे, खाली डॉक्टरांचं नाव. डोळे आणि दात तपासणार आहेत.